बावीस स्वार

न्यूझीलंडमधल्या रोटोटुनाला, आमच्या शेजारी आपल्या मुलीकडे राहायला आलेल्या त्या निवृत्त लष्करी गृहस्थांना आम्ही सगळे रिसालदार म्हणायचो. त्यांच्याकडे घोडदळावरच्या एका जुन्या हॉलिवूड चित्रपटाची कॅसेट होती. दुपारचा चहा झाला की ती लावायची, हल्ल्याआधी टेकडीवर रांगेत थांबलेले स्वार दिसले की पॉज करायचं आणि बोटाने मोजायचं, हा त्यांचा नेम.

"बावीस. सगळे हजर." मग कॅसेट मागे.

"अहो, एकदा तरी लढाई होऊ द्या," मी चिडवायचो.

"पुढे एकही परतत नाही, साहेब."

माझा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेराव्यानंतर रिसालदार कॅसेट घेऊन पहिल्यांदाच आमच्याकडे आले. बूट दाराशी जोडून ठेवले. कॅसेट लावली. रांग दिसताच चित्र थांबवून म्हणाले, "मोजा."

मी दोनदा मोजले. तेवीस. शेवटचा स्वार डावा खांदा पाडून बसला होता, अगदी माझा मुलगा बसायचा तसा.

"कालपासून आहे," ते हळूच म्हणाले.

मी पडद्याजवळ जाऊन बसलो. व्हीसीआरचा पॉज काही मिनिटंच टिकतो, मग कॅसेट आपोआप पुढे जाते, हे दोघांनाही ठाऊक होतं. चित्र थरथरलं, घोडे हलले. रिसालदारांनी डोळे मिटून घेतले. मी भिंतीतला प्लग ओढला.