खिडकीकडची बाजू

अंधेरीत दिशा दोनच, ईस्ट आणि वेस्ट. बाकीच्या दोन शाळेच्या भूगोलात राहिल्या. उत्तरेला आम्ही विरारची बाजू म्हणतो, दक्षिणेला चर्चगेटची. ‘दक्षिण’ हा शब्द आमच्या घरात फक्त आई वापरायची, तोही एकाच गोष्टीसाठी. दक्षिणेकडे पाय करून झोपायचं नाही. ती यमाची दिशा, माणूस गेलं की त्याचे पाय तिकडे करतात.

तिचं उजवं अंग गेलं तेव्हा ईस्टला मरोळच्या या घरात येऊन आम्हाला महिनाच झाला होता. दुसरा मजला, चहूकडे टॉवर, ऊन म्हणून दिसत नाही. हँडल फिरवून डोकं वर करायची लोखंडी कॉट भाड्याने आणली. ती एकाच तऱ्हेने बसली, पाय खिडकीकडे. आडवी केली की बाथरूमचं दार अडायचं. उलटी केली की आईचा चांगला हात भिंतीकडे जायचा, मग मला एकटीला तिला उठवता येत नसे.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “पाय खंयच्या बाजूक आसत गो? दक्षिणेक नाय मा?”

“पश्चिमेला आहेत. रिक्षा स्टेशनला त्याच बाजूने जाते.”

मला तसं खरंच वाटत होतं. स्टेशन ज्या अंगाला ते वेस्ट, एवढीच आमची अक्कल.

पुढे एका दुपारी, ती झोपलेली असताना, मोबाईलमध्ये होकायंत्र सापडलं. खिडकी सरळ दक्षिणेला निघाली. रिक्षा पुढे नाक्यावर वळते, हे रोज तिच्यात बसूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तीनदा मोबाईल फिरवून पाहिला आणि ठेवून दिला.

मी काही केलं नाही. ऑफिस, डायपर, औषधं, त्यात माझी कंबर धरलेली. कॉट हलवायचा विचारसुद्धा नको वाटायचा. ती रोज संध्याकाळी विचारायची, मी रोज ‘पश्चिम’ म्हणायचे. एकदा तर खेकसले, “किती वेळा सांगू गं? पश्चिम!” तिला एवढी एकच गोष्ट हवी होती आणि मला ती द्यायचा कंटाळा आला होता. याची लाज मला अजून वाटते.

ती एका पहाटे झोपेतच गेली. सकाळी धाकटा भाऊ आला, शेजारचे काका आले. कॉटशेजारी, पाय तसेच खिडकीकडे राहतील अशी खाली चटई अंथरून तिला उतरवलं.

“दक्षिण कुठली?” काकांनी विचारलं.

भाऊ म्हणाला, “खिडकी वेस्टला ना, ताई? तूच सांगायचीस आईला.” आणि तिला वळवायला तो वाकला.

“वळवू नको रे,” मी म्हटलं. “तिचे पाय बरोबर आहेत.”