दारं लावून मोजलेला मजला

करी रोडची आमची चाळ पाडून टॉवर झाला. आमच्या मजल्यावर आठ घरं, सगळी जुन्या चाळीतलीच. सोसायटीने वायफाय घ्यायचं ठरवलं तेव्हा आराखडा मी करणार, हे मीच सांगून टाकलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि कामही हेच करते. लाजायचं कशाला?

छताला लावायचे वायफायचे डबे किती आणि कुठे, हे ठरवायला आधी सिग्नल मोजावा लागतो. ते डबे चालवणारा कंट्रोलर सोसायटीच्या ऑफिसात बसतो. डब्याची जागाच चुकली तर तोही काही करू शकत नाही.

पॅसेजमध्ये उंच काठीला एक डबा बांधला आणि लॅपटॉप घेऊन घरोघर फिरले. आईने आधीच सगळीकडे फोनवरून वर्दी दिली होती. आठही दारं सताड उघडी. "इंजिनीअर इली गो," शेजारच्या काकी ओरडल्या. कुणी चहा दिला, कुणी घावन. जुन्या गॅलरीत असल्यासारखं वाटलं. आकडे सगळीकडे उत्तम. मजल्याला एक डबा पुरे, असं मी लिहून दिलं.

डबे लागले आणि दुसऱ्याच दिवशी तक्रारी आल्या. आतल्या खोल्यांत काहीच येत नव्हतं. जाऊन पाहिलं तर पॅसेज रिकामा, आठही जाड दारं बंद. मोजायचं ते दारं लावून, हे कुणीही नवशिका सांगेल. मी चाळीच्या हिशेबाने मोजून बसले होते.

पुन्हा मोजायचं ठरलं तेव्हा आई म्हणाली, "दार लावा म्हणान मी कोणाक सांगूचंय नाय. तूच सांग."

मग मीच सांगितलं. प्रत्येक घरात शिरायचं, मागे दार लावून घ्यायचं आणि आतल्या खोलीत आकडा बघत उभं राहायचं. दार लागलं की प्रत्येक जण हळूच एकच विचारायचा, "आई कशी आहे गं तुझी?" शेजारच्या काकींनीसुद्धा विचारलं. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे.

"या ना, भेटा तिला," मी म्हटलं.

"येईन गो. बेल मारूक कसासाच वाटता."

शेवटी आमचं घर. आईने उंबऱ्यावर पाट आडवा टाकून दार लागू नये असं अडवून ठेवलं होतं आणि ती समोरच खुर्ची घेऊन बसली होती, पॅसेजकडे बघत.

"काकी काय म्हणाली?"

"तुझी चौकशी करत होत्या."

पाट काढ, असं मला म्हणवलं नाही. आमच्या घराचा आकडा मी काकींच्या घरावरून भरला. दोन्ही घरं सारखीच आहेत.