लिव्याथानाचं कीर्तन

बायबलच्या जुन्या करारातल्या ईयोबाच्या गोष्टीत शेवटाकडे एक जनावर येतं. त्याचं नाव लिव्याथान. ते पाण्यात राहतं, अंगावर ढालींसारखे खवले, तोंडातून आग, आणि कुणाच्या बापाला ते आवरत नाही. हे जनावर नेमकं कोणतं, याचा अर्थ सांगणाऱ्यांवर माझा राग आहे. वीसेक वर्षं होत आली, अजून तो गेलेला नाही.

आमचे वडील, आण्णा, येडगावला मास्तर होते. रविवारी आमच्या चार ख्रिस्ती घरांत शास्त्राचा अर्थही तेच सांगायचे. लिव्याथान म्हणजे मगर, हे त्यांचं ठाम मत. उभा जन्म तिथल्या धरणाच्या काठी काढलेल्या या माणसानं खरी मगर एकदाही बघितली नव्हती, पण तिची पाठ कशी असते ते फळ्यावर काढून दाखवायचे. मग एखादा पाहुणा उपदेशक यायचा आणि म्हणायचा, मगर कसली, तो सैतान. दोघांची चहा गार होईपर्यंत जुंपायची. आम्ही बहिणी आतून हसायचो. जनावर पुस्तकात होतं तोवर ती गंमत होती.

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, पिंपरी पेंढारला दिली. मळ्यात घर, तिन्ही बाजूंना ऊस. धरणाचं पाणी आलं तसा ऊस वाढला, आणि उसात बिबट्या राहायला लागला. दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. एका संध्याकाळी अंगणात खेळणारी आक्काची लेक त्यानं उचलून नेली. चार वर्षांचीही नव्हती. याहून जास्त मी लिहिणार नाही. पुढं वनखात्यानं बांधावर पिंजरा लावला, त्यात एक बिबट्या सापडला. लोक ट्रॅक्टर भरभरून बघायला आले. हाच तो, असं कुणालाच सांगता येईना. शेवटी त्याला गाडीत घालून कुठं तरी लांब सोडून आले. आक्का त्याला बघायला गेली नाही.

त्यानंतर आक्का कामापुरतं बोलायची. पोरीचं नाव तिनं तोंडातून काढलं नाही, आणि रडलीही नाही. भेटायला येणारे मात्र भरभरून बोलायचे. देवाची मर्जी. परीक्षा असते. अजून वय आहे, होईल दुसरं. मी तेव्हा आळेफाट्याला एका दवाखान्यात नोकरीला होते आणि सुट्टीला आक्काकडे जायचे. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एका बाईला मी तोंडावर सांगितलं, "च्या पिऊन झाला न्हवं? मग निगा आता." आण्णा माझ्यावर चिडले. आक्कानं त्या बाईची कपबशी उचलून विसळायला नेली.

आक्कानं बोलावं, एकदा मोकळं व्हावं, म्हणून आण्णांनी तिच्या अंगणात कीर्तन ठेवलं. आमच्यात कीर्तन होतं याचं नव्या माणसाला नवल वाटतं. तीच पेटी, तोच तबला, तेच टाळ. आधी पूर्वरंग, मध्ये बुवांना हार, मग उत्तररंगात आख्यान. फक्त आख्यान आमच्या शास्त्रातलं. शेजारपाजारचे सगळे येतात, देव कुणाचा ते कुणी विचारत नाही. एरवी कीर्तन जेवणं उरकल्यावर व्हायचं, पण त्या वर्षी अंधारात घराबाहेर पाय टाकायची कुणाची छाती नव्हती. म्हणून मांडव भर दुपारी भरला.

आण्णांनी आख्यान निवडलं ईयोबाचं. ईयोब हा भला माणूस, त्याची दहाच्या दहा लेकरं एका दिवशी घर कोसळून मरतात, आणि तो देवाला जाब विचारतो.

मी म्हटलं, "आण्णा, दुसरं कायतरी लावा."

"त्याच्याएवढं दुःख कुणी सोसलंय का?"

"सोसलंय की. आत भाकऱ्या थापतीय."

आण्णांनी ऐकलं नाही. आपल्यासारखं कुणी तरी आहे, हे ऐकून लेकीला धीर येईल, अशी त्यांची भाबडी समजूत. बुवा नगरकडचे होते. घरात दुःख झालंय, एवढंच आण्णांनी त्यांना कळवलं होतं. कसलं दुःख, ते आण्णांच्या तोंडून निघालं नसावं.

पेटीवर आण्णाच बसले होते. पूर्वरंग चांगला झाला. बुवांचा आवाज गोड होता. उत्तररंगात देव वावटळीतून ईयोबाला उत्तर द्यायला लागला आणि लिव्याथान आला. समुद्र, खवले हे ऐकून समोरची शेतकरी मंडळी जांभया द्यायला लागली. कीर्तनकाराला जांभई सोसत नाही. बुवांनी धोतराचा सोगा खोचला आणि म्हणाले, "लिव्याथान म्हंजी कोन? आवो राव, तुमच्या उसातला बिबट्या!"

बिबट्यासारखे ते घशातून गुरगुरले, वाकून दोन पावलं चालले. पोरं किंचाळली. मांडव हसला. कित्येक महिने जीव मुठीत धरून बसलेली माणसं होती ती, हसू कुठून फुटलं ते मला कळतं. तरी राग येतोच.

मग बुवा एकेक सवाल टाकायला लागले आणि टाळाच्या ठेक्यावर मांडव जबाब द्यायला लागला.

"गळ टाकून वढाल त्याला?"

"न्हाई!"

"नाकात येसन घालाल?"

"न्हाई!"

"आपल्या पोरींना खेळाया बांदून द्याल?"

हा सवाल बुवांच्या मनचा नव्हता. शास्त्रात तो तसाच आहे, आणि पाठ असलेलं ओठावर आलं. अर्धा मांडव ठेक्याच्या भरात "न्हाई" ओरडला. बाकीच्या अर्ध्यानं तोवर बायकांत बसलेल्या आक्काकडे मान वळवली होती. टाळ थांबले.

आक्का उभी राहिली. "बुवा, मंग माजी पोर त्याला का दिली?"

बुवांचा चेहरा पडला. कुणाच्या अंगणात आपण गुरगुरलो ते त्यांना तेव्हा कळलं. पण गप्प बसायचं सोडून त्यांनी घाईनं शेवट गाठला. "ताई, देवानं ईयोबाला शेवटाला धा लेकरं परत दिली."

"तीच?" आक्का म्हणाली.

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. त्यांच्या गळ्यातला हार ओढावा असं मला वाटलं. तेवढ्यात पेटीचा सूर तुटला. सगळी हयात अर्थ सांगण्यात घालवलेल्या आण्णांनी भात्यावरचा हात काढला होता.

"नाही गं बाळ," ते म्हणाले. "ती नाही."

तेव्हा आक्कानं पोरीचं नाव घेतलं. मोठ्यानं, उसाकडे तोंड करून, पोर घरात यायला उशीर करते तेव्हा आई हाक मारते तसं. मग ती खाली बसली आणि रडली. ऊन होतं तोवर मंडळी आपापल्या घरी गेली. आण्णांनी लिव्याथानाचा अर्थ पुन्हा कधीही सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते आख्यान पहिल्यापासून वाचलं. जनावराचं वर्णन खवल्यान् खवला केलंय. दात, मान, शिंक, काही म्हणता काही सोडलेलं नाही. ईयोबाला मागून झालेल्या मुलींची नावंही दिली आहेत. आधीच्या दहा लेकरांतल्या एकाचंही नाव नाही.