आईला 'ची' म्हणत नाहीत

मीराला सोडायला हीथ्रोवर गेले, तेव्हा ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. जवळ जाऊन ऐकलं तर मंगोलियन क्रियापदं घोकत होती. सिक्युरिटीकडे वळताना तिने मला मिठी मारली. म्हणाली, "आई, तू रडू नको हं. मी पोचली की फोन करते." 'पोचली' नाही गं, 'पोचले', असं अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि हाउन्सलोची बस पकडून घरी आले.

मी पुणं सोडलं तेव्हा माझी आई विमानतळावर आलीच नव्हती. दारातच म्हणाली, "तिथे येऊन तुझा पाय जड करणार नाही. थंडीत कान झाकत जा." मला तेव्हा तिचा रागच आला होता. निरोप देऊन परतणाऱ्या माणसाला रिकाम्या घराचं कुलूप उघडावं लागतं, हे त्या दिवशी कळलं. मीराचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच होतो. तिकडे मागे राहिलेल्यांनो, तुम्ही हे आधीच भोगून बसला आहात. आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांनो, तुमचीही पाळी येईल. आपली मुलं आपल्याहून लांब जातात.

आमचा जावई तेमुलेन मंगोलियाचा. इथे युनिव्हर्सिटीत दोघांची ओळख झाली. मुलगा शांत, गुणी. त्याला गोबीच्या वाळवंटातल्या खाणीवर नोकरी लागली, आणि उलानबातरच्या फ्लॅटमध्ये त्याची विधवा आई एकटी होती. तेव्हा मीरानेच तिकडे जायचं ठरवलं.

जाण्याआधीचा अख्खा हिवाळा ती मंगोलियनच्या क्लासला जात होती. वर्गात सगळे इंग्रज, पुस्तकही इंग्रजीतून शिकणाऱ्यांसाठी. त्यांच्या नाकी नऊ आले होते. त्या भाषेत स्वरांचे गट असतात. शब्दात ज्या गटाचे स्वर, प्रत्ययानेही त्याच गटात जायचं. आपला एवढासा 'हून', पण त्यांच्याकडे घरून यायचं तर 'गेरेस' आणि लंडनहून यायचं तर 'लोन्दोनोस'. त्यांचा 'ल' म्हणजे जीभ 'ल'वर टेकवून गालांतून वारा सोडायचा. "व्हॉवेल्सपण साइड घेतात, आई! किती हार्ड भाषा आहे हा!" असं म्हणत मीरा किचनच्या टेबलावर डोकं आपटायची. वाक्य संपेपर्यंत क्रियापद येत नाही, म्हणून वर्गातले निम्मे पळून गेले. मला हसू आलं. म्हटलं, "अगं, त्यात काय एवढं? जेवून, भांडी घासून, दार लावून झोपले. आपण तरी वेगळं काय बोलतो?" तिने ते वाक्य मंगोलियनमध्ये लिहून बघितलं. शब्दाला शब्द बसत गेला. तिची मोडकी मराठी अखेर कुठेतरी कामाला आली, म्हणून मी दोन दिवस हवेत होते.

पुढच्या धड्यात 'यू'ची भानगड होती. मंगोलियनमध्ये 'ची' म्हणजे तू आणि 'ता' म्हणजे तुम्ही. इंग्रजांनी इथे फार जपून राहावं, असं पुस्तकात ठळक अक्षरांत बजावलेलं होतं. मीराने पान उलटलं. "हे मला माहितीये, आई. तू आणि तुम्ही. वन थिंग मला येते!"

तिथे गेल्यावर तेमुलेनने सांगितलं, माझ्या आईला 'एज' म्हण. एज म्हणजे आई. पहिल्याच दिवशी हिने विहीणबाईंना मोठ्या प्रेमाने विचारलं, एज, तू चहा घेणार का? आणि 'ची' म्हणाली. विहीणबाईंनी तोंड फिरवलं. त्यांच्यात आईलाही 'ता'च म्हणतात.

तेमुलेनने मला फोनवर सगळं सांगितलं आणि बिचाऱ्याने बायकोची बाजूही घेतली. इंग्लिशमध्ये एकच 'यू' असतो, त्यामुळे चुकली, म्हणाला. मी म्हटलं, नाही रे बाबा, ही चूक इंग्लिशची नाही. ही आमची आहे. आम्ही आईला तूच म्हणतो. त्याने ते आपल्या आईला सांगितलं. पलीकडून तिचा आवाज आला आणि त्याने अडखळत भाषांतर केलं, "मग तुमच्यात आईला मान नसतो का?"

आम्ही वडिलांना अहो म्हणतो, आईला अगं म्हणतो आणि देवालाही तूच म्हणतो, हे इंग्लिशमधून मंगोलियनमध्ये कसं पोचवायचं? सासूला मात्र 'अहो आई'. माझ्या सासूबाईंना मी जन्मभर तेच म्हटलं. पण त्या पुण्यात, मी इथे. मीराच्या कानावर ते कधी पडलंच नाही. तिला आई हा एकच शब्द ठाऊक, आणि आईमागोमाग तू येतंच.

तेमुलेन खाणीवर गेला. बाहेर कोळशाचा धूर, खिडक्या बंद, आणि आत दोन अबोल बायका. त्यात मीराला दिवस गेले होते. एका सकाळी तिचा हॉस्पिटलमधून फोन आला. डॉक्टर काय विचारतात ते तिला समजत नव्हतं. 'दुखतंय' एवढ्यापुरताच मंगोलियन शब्द तिला आठवत होता. मी विचारलं, "कळा येतायत का? की नुसतं ठणकतंय?" ती रडत म्हणाली, "आई, हे वर्ड्स मला येत नाही. कळा म्हणजे काय?" मी इंग्लिश शब्द शोधेपर्यंत तिच्या हातातून कुणीतरी फोन काढून घेतला.

बाळ राहिलं नाही. मी तिकीट बघायला लागले, तर म्हणाली, "नको येऊ, आई. एज आहे इथे."

विहीणबाईंनी तिचं सगळं केलं. तिचे पाय चोळले, मटणाचं पाणी चमच्याने पाजलं, तिच्या उशाशी बसून राहिल्या. देव त्यांचं भलं करो. आणि खरं सांगते, माझ्या काळजाला आग लागली होती. त्या बसल्या ती जागा माझी होती.

मग त्यांनीच तिला भाषा शिकवली. पुस्तकाने झालं नाही ते त्यांच्या स्वयंपाकघरात झालं. 'एज' म्हटलं की 'ता' आलाच पाहिजे, असं त्यांनी तिच्या जिभेला वळण लावलं. आता दोघी तासन् तास बोलतात, असं तेमुलेन सांगतो. ऐकून बरं वाटतं. वाटायलाच हवं.

गेल्या रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी विहीणबाई कणीक मळत होत्या, मीरा त्यांच्याशी भराभर बोलत होती. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुम्ही जेवलात का?"

क्रियापद बरोबर. प्रत्यय बरोबर. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना मी विचारायचे, तेच वाक्य. जन्मभर तिची मराठी लंगडत आली होती आणि हे एक वाक्य मात्र बिनचूक निघालं. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी नुसतं हो म्हटलं. जेवले नव्हते.

घर कुठे, असं कुणी विचारलं की पूर्वी मी पुणं म्हणायचे, मग हाउन्सलो म्हणायला लागले. आता विषय बदलते. मला अगं-तुगं करणाऱ्या मैत्रिणी इथे वेम्बलीत आहेत, पुण्यात बहीण आहे. आई म्हणून तू म्हणणारी एकटी मीरा होती. ती तिकडे तिच्या घरी सुखात राहो. मी इथे माझ्याच लेकीची अहो आई झालेय.