तळहाताखालचं अस्वल

परवा कपाटातून स्वेटर काढताना डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि मी बंगळुरातल्या एचएसआरच्या घरातून थेट लहानपणीच्या, असाच वास असलेल्या त्या पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात पोहोचले.

सुट्टीतला कार्यक्रम होता. डोळे बांधून, नुसता हात लावून पेंढा भरलेला प्राणी ओळखायचा. अप्पा, माझे वडील, मला राजाजीनगरहून मुद्दाम घेऊन आले होते. कुणीतरी माझा हात राठ, कोरड्या केसांवर ठेवला. अस्वल! मी लगेच ओळखलं. तेवढ्यात तळहाताखालची त्याची कूस हळूच फुगली आणि पुन्हा खाली बसली.

“अप्पा, हे श्वास घेतंय!”

सगळे हसले. “स्वल्प घाबरली पोर. आत नुसता पेंढा आहे गं,” कार्यक्रम घेणारी अक्का म्हणाली. माझी भीती घालवायला अप्पांनीही हसत तिथे हात ठेवला. मी डोळ्यांवरची पट्टी वर सरकवली, तेव्हा त्यांचं हसू मावळत होतं.

त्यांनी मला उचललं आणि ते तडक बाहेर पडले. मला वाटलं, मी ओरडले म्हणून रागावलेत. आज माझी मुलगी त्या वयाची आहे, आणि मला कळतं की अप्पा घाबरले होते.

घरी त्यांनी माझे हात साबणाने धुतले. मग कितीतरी वेळ स्वतःचा तो एक हात धूत राहिले.