अजून टोचतंय

मामा गेले तेव्हा कवळ्या घासायची मोटर चालूच होती. हेडबाई दुपारी तीनला आल्या, तर मामा स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला कलंडलेले, आणि मोटर आपली गरगरत होती. बाईंनी आधी मोटर बंद केली. मग धाकटीला फोन केला.

धाकटी कॉलेजातून तशीच उठून आली. माणसं जमेपर्यंत ती फळीकडे बघत उभी राहिली. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. शेवटचा तिच्या बाबांचा.

मामा दातांच्या कवळ्या करत. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढची कामाची, मागची राहायची. पुढच्या खोलीत प्लास्टरची पांढरी धूळ, गुलाबी मेणाचा वास, आणि कपात ठेवलेले सुटे दात. नवा माणूस चहाला थांबला की मामा मुद्दाम त्याच कपाकडे हात न्यायचे. माणूस दचकला की स्वारी खूश.

दुसरं काम गल्ल्याचं. गल्ला म्हणजे आठ जणांनी मिळून चालवलेला फंड. निवृत्त हेडबाई आणि तीस वर्षं त्यांच्याबरोबर संसार केलेल्या नर्सबाई, गाडी शिकवणारे एक मास्तर, मुलगा म्हणून वाढवली गेलेली आणि आता स्वतःचं पार्लर चालवणारी ताई, अशी माणसं. प्रत्येकाला घराने कधी ना कधी दार दाखवलेलं. त्यांच्यासारख्याच ज्या पोरापोरींना आता दार दाखवलं जात होतं, त्यांची फी गल्ला भरायचा. धाकटी त्यांत सगळ्यात लहान, म्हणून धाकटी. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती.

आपलं चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीवर प्रेम आहे, हे तिने दोन वर्षांपूर्वी बाबांना सांगितलं. आई ती लहान असतानाच गेलेली. घरात दोघंच. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजपासून या घरात एकच माणूस राहतो." तिला वाटलं, चार दिवसांत राग उतरेल. चार महिने झाले, फोन उचलला जाईना. गल्ल्याने फी दिली, खोली मिळवून दिली. पण तिला हवं होतं ते एवढंच, की बाबांनी एकदा तिच्याशी बोलावं.

हेडबाईंनी आईबापांसाठी वर्ग काढला होता. रविवारी, शाळेच्या हॉलमध्ये. बाई चाळीस खुर्च्या मांडायच्या. यायचे दोघं, त्यातला एक हॉल चुकलेला. मामा म्हणायचे, "फी भरली की पोर शिकतं. पण खरं शिकायचं असतं आईबापांना. ते काही तुमच्या वर्गात यायचे नाहीत, बाई. आपणच त्यांच्याकडे जायला हवं."

मामांची जायची रीत वेगळी होती. घरात कोणाचे दात पडलेत का, एवढंच ते पोराला विचारत. पडलेले असले की मापाचं सामान पिशवीत घालून दारात हजर. जुन्या ओळखीचे दातांचे डॉक्टर चिठ्ठी देत. कवळी फुकट. आपल्याला कोणी पाठवलं ते दारात सांगायचं नाही. ते माप घेताना सांगायचं. मापाचा लगदा तोंडात घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ माणसाला बोलता येत नाही, भांडता येत नाही, उठून जाता येत नाही. मामा समोर बसून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत आणि पोराविषयी सांगत. उपदेश नाही. काय खातं, कुठे राहतं, परीक्षा कशी गेली, कोणाबरोबर हसतं. तीन मिनिटं झाली की लगदा काढून घेत आणि गप्प होत. शिव्या पडल्या तर पिशवी उचलत. एका काकूंनी लगद्यासकट ट्रे त्यांच्या अंगावर फेकला होता. "माप मात्र सुरेख आलं होतं," मामा सांगत.

मास्तर चिडवायचे, "मामा, तुम्ही फक्त बोळकी गाठता. दात शाबूत असलेल्या बापाचं काय?"

"त्याला हेडबाई आहेत."

ही रीत मामांनी ठरवून काढली नव्हती. त्यांचा जोडीदार घड्याळं दुरुस्त करायचा. अठरा वर्षं दोघं त्या मागच्या खोलीत राहिले. तो आजारी पडला तेव्हा दवाखान्यात आत फक्त नातेवाइकांना सोडत. मामा बाहेर बाकावर. त्याच बाकावर घड्याळजीचे वडील येऊन बसत. म्हाताऱ्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. मामा त्यांना चहात बिस्किट भिजवून देत. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांनी विचारलं, तुम्ही कोण? मामा म्हणाले, "मी दात करतो." दुसरं काही तोंडातून निघालंच नाही. सगळं संपल्यावर ते म्हाताऱ्यांचे दात करायला गेले आणि माप घेताना एकदाचं सांगून टाकलं. म्हातारे लगदा तोंडात धरून रडले. माप वाकडं आलं. फळीवरचा पहिला जबडा तो. आणि मनगटावरचं घड्याळ म्हाताऱ्यांनी दिलेलं.

बाबांचं आयुष्य कारखान्यात लेथवर गेलं होतं. केसाएवढा फरक बोटाला कळायचा. मामा त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले त्याला आता आठ महिने झाले. बाबांनी तीन मिनिटं ऐकलं. लगदा निघाल्यावर म्हणाले, "कवळी कधी मिळेल?" बाकी अवाक्षर नाही. मामा येऊन धाकटीला म्हणाले, हाकललं तर नाही ना, मग झालं तर.

कवळी बसवली. बाबा म्हणाले, टोचतंय. मामांनी घासली. पुढच्या गुरुवारी पुन्हा टोचतंय. पुन्हा घासली. दर खेपेला मामा मेणाची पट्टी दातांत धरायला लावत, तीन मिनिटं, आणि धाकटीच्या गोष्टी सांगत. पट्टीला एवढा वेळ लागत नाही हे तिला फार नंतर कळलं. बाबा पट्टी काढून हातात देत आणि म्हणत, "डावीकडे. अजून टोचतंय."

मामा खचत गेले. आधी चेष्टेवारी नेलं. मग जेवण कमी झालं. शेवटच्या गुरुवारी परत आले ते पिशवीही न ठेवता बसले.

"कुठे टोचतं तेच सापडत नाही गं. लेथवरचा माणूस तो, उगाच कशाला म्हणेल? माझाच हात गेला."

त्यांनी हात समोर धरून पाहिला.

"आणि तुझं काही विचारत नाही. एक शब्द नाही. या वेळी कमी पडलो मी, पोरी."

ती म्हणाली, "राहू द्या मामा. नका जाऊ आता."

"दात तरी नीट बसवू दे त्याचे," मामा म्हणाले. बाबांची दुसरी कवळी त्यांनी पहिल्यापासून करायला घेतली. मंगळवारी गेले तेव्हा तीच घासत होते.

पुढच्या शनिवारी धाकटी एकटीच खोली आवरत होती. दार वाजलं. बाबा. हातात पत्त्याची चिठ्ठी. तिला बघून ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"कवळीवाले आहेत का? गुरुवारी आले नाहीत."

दोन वर्षांनी त्यांचं पहिलं वाक्य. तेही मामांसाठी.

"मामा गेले, बाबा. मंगळवारी."

बाबा आत आले आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. फळीकडे बघत राहिले. धाकटीला काय करावं सुचेना, म्हणून तिने चहा ठेवला. मामांच्या डब्यात टोस्ट होते, दगडासारखे. तिने दोन बशीत घातले. बाबांनी एक उचलला, चहात न बुडवता तोंडात घातला आणि चावला. कडकन आवाज झाला. दुसरा घास डावीकडून.

धाकटीच्या हातातला कप तसाच राहिला.

"टोचत नाही?"

बाबा चावायचे थांबले. घास तोंडात तसाच. मग गिळला.

"पहिल्या दिवसापासून नीट बसलीय," ते म्हणाले. "तसं म्हटलं असतं तर तो पुन्हा आला नसता. मग तुझं मला कोणी सांगितलं असतं?"

"मलाच विचारायचं होतंत."

"ते जमलं नाही."

बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवली. बाबा खाली बघत म्हणाले, "ती चष्म्याच्या दुकानातली. तिचा पगार वाढवणार होते. वाढला?"

"वाढला."

"आणि तुला परीक्षेआधी अजून ताप येतो म्हणे."

ती मानेनेच हो म्हणाली. मग तिने खोक्यातून कार्ड काढून त्यांच्यासमोर धरलं. प्रत्येक कवळीचं मामांकडे एक कार्ड असे. बाबांच्या कार्डावर एकाखाली एक तारखा, आणि प्रत्येकीपुढे तेच, "टोचते. घासली." शेवटच्या ओळीत अक्षर बिघडलेलं होतं. "हात राहिला नाही. पुन्हा पहिल्यापासून."

बाबांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"त्याला असं वाटत होतं?"

धाकटीने कार्ड त्यांच्या हातात दिलं.

कार्डाच्या तळाला छापलेलं होतं, "कवळी नीट बसली. सही." त्यापुढची जागा कोरी. बाबांनी खिशातून पेन काढलं. सही केली. तारखेच्या जागेपाशी हात थांबला. मग त्यांनी कार्डावरची पहिली ओळ बोटाने शोधली आणि तीच तारीख घातली, कवळी पहिल्यांदा बसवली त्या दिवसाची.

कार्ड त्यांनी पुढे धरलं. समोरचं स्टूल रिकामं होतं. शेवटी धाकटीने हात पुढे केला आणि घेतलं.