वरच्या मजल्यावरच्या स्वस्त खोल्या

"प्रत्येक महान वास्तूच्या पायाशी एका द्रष्ट्या पुरुषाचं स्वप्न असतं."

क्रेगने हे वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं. ते त्याला लॉबीत पितळी अक्षरांत लावायचं होतं.

"या वास्तूच्या पायाशी गुरांचा बाजार होता," मी म्हटलं. "व्यापाऱ्यांना रात्रीपुरती खाट हवी होती, म्हणून कुणीतरी हे बांधलं."

"ते लिहू नकोस, मेट."

क्रेग ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहरातल्या एका कसिनो हॉटेलचा जनरल मॅनेजर. कसिनो फक्त पाटीवर. आत पोकीज, म्हणजे नाणी गिळून गाणी म्हणणारी यंत्रं, आणि एक बिस्त्रो, म्हणजे साधं रेस्टॉरंट.

मी हेरिटेज कन्सल्टंट. जुन्या इमारतीत तोडफोड करायला कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, परवानगी लागते. त्याआधी इमारतीचं महत्त्व नेमकं कशात आहे, हे आमच्यासारख्यांनी लिहून द्यायचं असतं. त्याला सिग्निफिकन्स म्हणतात. ज्यात तो सापडेल त्याला सहसा हात लावता येत नाही. क्रेगला तो लॉबीतल्या भव्य जिन्यात हवा होता. वरच्या छोट्या, स्वस्त खोल्यांत अजिबात नको होता, कारण त्यांच्या भिंती पाडून त्याला लक्झरी स्वीट्स, म्हणजे मोठ्या महागड्या खोल्या, करायचे होते.

रिसेप्शनवर प्राची होती. मूळची नाशिकची, इथेच युनिव्हर्सिटीत शिकून कायमची रहिवासी झालेली. मी विचारलं, "वर राहतं कोण गं? जुगारी?"

"ते कशाला राहतील? ते हरून घरी जातात," ती म्हणाली. "वर सगळे हॉस्पिटलवाले. पेशंट वॉर्डात, नातेवाईक आमच्याकडे. चल, बेरिलशी तुझी गाठ घालून देते."

बेरिल वरच्या किचनमध्ये टोस्ट करत होती. सत्तरीची. फार्म लांब पश्चिमेला, नवऱ्याचं रेडिएशन इथे.

"खाली पोकीज खेळता का?" मी विचारलं.

"शेती करतो आम्ही, लव्ह. आणखी एक जुगार परवडत नाही."

"या खोल्या गेल्या तर?"

"गाडीत झोपेन. फक्त नवऱ्याला सांगणार नाही."

मग मी हॉटेलच्या जुन्या जाहिराती काढल्या. मालक बदलले, पाट्या बदलल्या, पण जाहिरात एकच: स्वस्त खोली. आधी गुरांचे व्यापारी, मग मेंढ्यांची लोकर कातरणारे, आता हॉस्पिटलवाले. पोकीज अगदी अलीकडच्या.

मी तसंच लिहिलं. या इमारतीचं महत्त्व तिच्या स्वस्तपणात आहे, आणि तो वरच्या मजल्यावर आहे.

माझी बॉस हेलन म्हणाली, "फी क्लायंट देतोय, आठवतंय ना?"

"रिपोर्टची देतोय. माझ्या मताची नाही. हवं तर माझं नाव काढ. वाक्य बदलणार नाही."

हेलनने उसासा टाकून सही केली.

रिपोर्ट वाचून क्रेगचा फोन त्याच दुपारी आला. "जिना नंतरचा आणि प्लायवूडचा आहे असं लिहिलंयस तू!"

"ठोकून बघ."

"मी दुसरा कन्सल्टंट आणेन."

"आण. त्यालाही ठोकता येतं."

त्याने खरंच आणला. त्या गृहस्थांनी जिना ठोकला, आमचा रिपोर्ट वाचला आणि आपलं बिल पाठवलं.

कौन्सिलने भिंती पाडायला परवानगी नाकारली. स्वीट्स बारगळले. बेरिल नवऱ्याचे उपचार संपेपर्यंत तिथेच राहिली आणि मग त्याला घेऊन फार्मवर गेली. मी एवढंच शिकले की क्लायंट इतिहास मागतो, तेव्हा बहुतेकदा त्याला रंगकाम हवं असतं.

खोल्या आहेत तशाच जतन झाल्या आहेत. बाथरूम कॉरिडॉरच्या टोकाला एकच आहे, आणि गरम पाणी पहिल्या तिघांनाच मिळतं.